दोरीच्या आतली चूल

त्या मेळ्याला मी पहिल्यांदा गेले ती तिकीट काढून, गॉगल लावून आणि हातात आइस्क्रीम घेऊन. साल २०१३ असावं. विद्यार्थी म्हणून न्यूझीलंडला येऊन मला दोन वर्षं झाली होती. ऑकलंडच्या ओटाहुहु भागातली चौघींची खोली सोडून मी हॅमिल्टनला आले होते आणि तिथल्या 'ते रापा' नावाच्या भागात एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात नोकरीला लागले होते. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, गावाबाहेरच्या मैदानावर दोन दिवस युरोपातल्या जुन्या काळाचा मेळा भरतो, लोक चिलखतं घालून लढतात, जाऊन ये. घरी बसून तरी काय करायचं होतं? गेले.

प्रेक्षक म्हणून असा मेळा म्हणजे निव्वळ चैन. घोडे तुमच्यासाठी पळतात, सरदार तुमच्यासाठी चिखलात पडतात आणि उठून तुमच्याबरोबर फोटो काढतात. लोहार घण मारतो, कुणी बासरी वाजवतं, आणि आपण मनात येईल तिथे थांबायचं, कंटाळा आला की पुढे जायचं. कशाचंही ओझं नाही. ही माणसं बारा महिने अशीच राहत असतील असं अर्धवट खरंसुद्धा वाटायला लागतं.

मैदानाच्या एका कोपऱ्यात जाड सुंभाची दोरी बांधून स्वयंपाकघर केलं होतं. दोरीच्या आत लांब लोकरी झगे घातलेली पाच-सहा माणसं उघड्या विस्तवावर स्वयंपाक करत होती, आणि दोरीबाहेर आम्ही बघे. एक उंच, पांढऱ्या केसांची बाई जवाच्या पिठाची जाडसर भाकरी करत होती. करत होती म्हणजे काय, भाकरी दर वेळी कडेला फाटत होती आणि ती चिकाटीनं बोटांनी सांधत होती. दुसऱ्याच्या स्वयंपाकात नाक खुपसू नये हे मला कळतं. पण डोळ्यांदेखत भाकरी फाटताना बघणं माझ्याच्यानं होत नाही.

"पाणी गरम घ्या," मी दोरीबाहेरून म्हटलं. "उकळतं. पीठ त्यात मळलं की चिरा जात नाहीत."

तिनं वर पाहिलं. "दाखव मग," म्हणाली आणि दोरी उचलून धरली. मी आइस्क्रीम मागच्या एका अनोळखी माणसाच्या हातात दिलं आणि आत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढची सहा वर्षं मार्चमधला एक शनिवार-रविवार मी त्या दोरीच्या आत काढला.

ती बाई निवृत्त नर्स होती आणि त्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. तिचे नियम कडक. पंधराव्या शतकानंतरची एकही वस्तू लोकांना दिसता कामा नये. प्लास्टिकचे डबे गोणपाटाखाली, फोन टोपलीत, आग विझवायचं लाल नळकांडं लाकडाच्या पेटीत. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची तर नाहीच. ते सगळं मागाहून अमेरिकेतून आलं, तुमच्याकडेसुद्धा, असं तिनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं. मिरची आपली नाही हे ऐकून मला इतका राग आला की घरी जाऊन मी ते तपासलं. ते खरं निघालं म्हणून आणखीच राग आला. आणि शेवटचा नियम म्हणजे दोरीपलीकडे अन्न द्यायचं नाही. आमच्याकडे अन्न विकायचा परवाना नव्हता. शिजवायचं ते लोकांना दाखवायला आणि खायचं ते आपण, सगळे बघे पांगल्यावर.

एकदा आत गेल्यावर मेळा दिसतच नाही. सहा वर्षांत मी घोड्यांची एकही लढाई पाहिली नाही. नुसता ओरडा ऐकू यायचा. मला दिसायचे ते पाण्याचे कॅन, ओल्या गवतातून ते ओढत आणायची वाट, आणि तात्पुरत्या संडासांसमोरची रांग, ज्यात चिलखत घातलेला माणूस पोटावर हात दाबून उभा असायचा. लोकरी झग्यात घाम निथळायचा. लोक तेच तीन प्रश्न विचारायचे. त्या कपड्यांत उकडत नाही का? हे खरं अन्न आहे का? ही आग खरी आहे का? पहिल्या वर्षी मी हसून उत्तरं दिली. तिसऱ्या वर्षी एका माणसाला म्हटलं, हात घालून बघा. बाईनं मला जरा बाजूला घेऊन समज दिली.

तरी मला ते आवडायचं, अगदी मनापासून. वर्षभर मी पडद्यावर बघत कुठला ट्रक कुठे अडकला याचा हिशोब ठेवायचे. संध्याकाळी विचारलं, आज काय केलंस, तर दाखवायला हातात काही नसायचं. इथे संध्याकाळी भाकऱ्यांची चळत असायची. हात भाजलेले, डोळे चुरचुरणारे, आणि डोकं मात्र स्वच्छ रिकामं. सोमवारी ऑफिसात केसांना धुराचा वास यायचा तो मी मुद्दाम धुवायचे नाही.

२०१७ मध्ये आई आली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ती प्रथमच देशाबाहेर पडत होती. तोवर माझं लग्न झालं होतं. तीन महिने ती आमच्याकडे राहिली. घर बघून झालं, समुद्र बघून झाला, कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात आणि तिथे दुधाशिवाय सगळंच मिळतं हे सांगून झालं. माझ्या ऑफिसात काय चालतं ते तिला सांगता येईना. नवऱ्याचं आयटीचं काम तर त्यालाही धड सांगता येत नाही. मला मात्र तिला एक तरी गोष्ट दाखवायची होती जी बघून ती म्हणेल, वा गं. मेळ्याचा शनिवार तिच्या परतीच्या दहा दिवस आधी येत होता. मी बरेच दिवस मनात मांडे खात होते. भाकरी तिनंच मला शिकवली होती, पुण्याच्या घरात, गॅसवर. आता तीच भाकरी मी इथे शेकडो लोकांपुढे थापते हे तिनं अचानक बघावं, म्हणून मी तिला इतकंच सांगितलं की जत्रा आहे आणि त्यात माझं थोडं काम आहे.

"कुठल्या देवाची?" तिनं विचारलं.

"देव नाही गं. नुसतीच जत्रा."

"देवाशिवाय कसली जत्रा?" असं म्हणाली खरी, पण शनिवारी सकाळी नवऱ्यानं फोनवर कळवलं की आईंनी हिरवी इरकल नेसलीय, पिशवीत एक नारळ घेतलाय, आणि मी काही बोललो नाहीये. मी पहाटेच मैदानावर गेले होते.

अकराच्या सुमाराला ते दोघे आले. नेमकं त्याच वेळी आमचं लाकूड बिघडलं होतं. रात्री पाऊस होऊन गेला होता, वरच्या मोळ्या भिजल्या होत्या आणि विस्तव नुसता धुमसत होता. मी गुडघ्यांवर बसून, गाल जमिनीला टेकवून फुंकत होते. मान वर केली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि समोर दोरीबाहेर आई उभी होती.

मी हसले. ती हसली नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडावरची काजळी, डोक्याला बांधलेलं फडकं, मळलेला झगा, सगळं तिनं बघून घेतलं. तिच्याशेजारी उभा असलेला एक माणूस आपल्या मुलांना सांगत होता, बघा, पूर्वी असा स्वयंपाक करायचे. मग आई अगदी हळू म्हणाली, "ओलं लाकूड घातलंस. काढ ते बाहेर. बारीक सुकं घाल, आणि खालून वाट कर वाऱ्याला."

मी ओले ओंडके ओढून काढले, चिमट्यानं खालची राख सारली. दोन मिनिटांत जाळ लागला. बाई बघत होती. "त्या काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती खूश होऊन दोरीपाशी गेली, आईला वाकून "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि मला म्हणाली, "आईला सांग, माझ्याकडे त्यांच्या मापाचा एक झगा आहे. त्यांना हवं तर आत येऊन बसू देत. आम्हाला शिकवतील."

मी मोठ्या उत्साहानं मराठीत सांगितलं. मला वाटलं, हाच तो क्षण.

आईनं डोकं हलवलं. "मी गाडीत बसते," ती नवऱ्याला म्हणाली आणि चालायला लागली. गर्दीतून ती हिरवी इरकल सरळ रेषेत जाताना मला दिसत होती. ती कुठेच थांबली नाही, घोड्यांपाशीसुद्धा नाही.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. आई मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. नवरा मला दारातच म्हणाला, "आई जेवल्या नाहीत. तू जरा शांत घे हां, प्लीज." आणि तो दुकानात जायचं निमित्त काढून सटकला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"आई, सांग ना. आवडलं नाही का?"

तिनं हातातल्या टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "चौदा वर्षं मी चुलीपुढं बसले," ती म्हणाली. "कऱ्हाडला. अकरा माणसांचा स्वयंपाक, दोन वेळचा. पावसाळ्यात शेणी पेटायच्या नाहीत तेव्हा रडायला यायचं, आणि धुरानं डोळे आधीच गळत असायचे म्हणून कुणाला कळायचंही नाही. पुण्याला आलो, गॅस आला, त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. सुट्टीत तू कऱ्हाडला चुलीपाशी गेलीस की मी हाताला धरून उठवायचे. आठवतं?"

आठवत होतं. मला वाटायचं, भाजेल म्हणून.

"तुला चूल नको म्हणून शिकवलं. इतक्या लांब पाठवलं. आणि तू इथे येऊन चुलीपुढं बसलीस? वर लोकं फोटो काढतायत."

"अगं, तो खेळ आहे. वर्षातनं दोन दिवस."

"दोन दिवस असलं की सगळ्याचाच खेळ होतो."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पहाटे चारची उठलेली, पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर माझी फजिती झाली होती. मला वा हवी होती. ती मिळाली नाही म्हणून मी तापले आणि म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

चौदा वर्षं चुलीपुढं बसलेल्या बाईला मी हे म्हणाले. शब्द तोंडातून बाहेर पडतानाच मला कळलं, पण बाण सुटला होता. आईनं टॉवेल बादलीत ठेवला आणि ती आत गेली. तिनं रात्रीचा भात लावला, आम्हाला वाढलं, पापड हवा का विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुण्यांशी बोलतात तसं ती माझ्याशी बोलत होती, आणि ते मला फार लागलं. दहा दिवसांनी ती जाणार होती. हे असंच मनात घेऊन ती गेली तर फोनवर कधी नीट होणार नाही हे मला माहीत होतं. आमच्या घरात फोनवर फक्त हवापाणी आणि तब्येत बोलतात.

रविवारी पहाटे मी निघाले तेव्हा तिच्या खोलीचं दार बंद होतं. जाऊच नये असं वाटत होतं. पण भाकऱ्या माझ्याकडे होत्या आणि माझ्याशिवाय बाईची भाकरी पुन्हा फाटली असती. विस्तव पेटवताना मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. कांदे चिरता चिरता म्हणाली, "मी झगा देऊ केला ते चुकलंच माझं." एवढंच. मग म्हणाली, "पाणी उकळलंय."

साडेबाराला टोपलीतला माझा फोन वाजायला लागला, नवऱ्याचा होता. मी पाठमोरी होऊन, झग्याच्या बाहीत लपवून घेतला. "आई येतायत," तो म्हणाला. "त्यांनीच म्हटलं, चला. गेटपाशी आहोत. पण अगं, त्या तू दिलेला फुकटचा पास घेत नाहीयेत. म्हणतात, मी तिकीट काढूनच येणार. काउंटरवरच्या बाईला मराठीतच सांगतायत."

ती आली. आज साधी सुती साडी, पायात चप्पल, मनगटाला प्रेक्षकांचा निळा कागदी पट्टा. तो पट्टा तिनं अशा बेतानं बांधून घेतला होता की सगळ्यांना दिसावा. येताना ती सावकाश आली. लोहारापाशी थांबली. घोड्यांपाशी थांबली. एका चिलखतवाल्यानं तिच्यापुढे गुडघा टेकला तेव्हा तिनं हसून नमस्कार केला. नवऱ्यानं तिचा फोटो काढला तोही काढू दिला. मी पीठ मळत होते आणि सगळं लक्ष तिच्याकडे होतं.

ती दोरीपाशी आली. बाईनं न बोलता आतलं एक लाकडी स्टूल उचललं आणि दोरीवरून बाहेर दिलं. आई त्यावर बसली, नीट मांडी ठोकावी तशी, पदर सावरून.

"आई," मी म्हणाले, "काल मी जे बोलले ते..."

"ते राहू दे," ती म्हणाली. "तुझं काम कर. मी आज बघायला आलेय."

मग मी काम केलं. उंडा घेतला, परातीत थापला, दोन्ही हातांवर घेऊन तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला. ती बघत होती. एरवी ती माझ्या भाकरीकडे बघते तेव्हा हात पुढे येतो, कड सारखी करायला. आज तिचे दोन्ही हात मांडीवर होते. भाकरी उलटली, मग तवा बाजूला सारून निखाऱ्यांवर शेकायला टाकली, आणि ती टम्म फुगली. बघ्यांनी ओह केलं. आईनंसुद्धा मान डोलावली, पण वा काही म्हणाली नाही.

ती म्हणाली, "ही मला दे."

"ही?"

"हीच. गरम आहे तोवर. चुलीवरची गरम भाकरी मी कधी खाल्लेली नाही."

मला आधी समजलंच नाही. चौदा वर्षं रोज दोन वेळा भाकऱ्या केलेली बाई असं कसं म्हणेल? मग समजलं. गरम भाकरी ताटांत जायची. आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या, मग सासूच्या. तिची पाळी येईपर्यंत चूल विझलेली असायची. पुण्यात गॅस आला, माणसं अकराची तीन झाली, तरी ती आम्हाला तव्यावरची वाढायची आणि आपण मागाहून बसायची. मी तीस वर्षांची घोडी झाले होते आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. नाही, हे खोटं. लक्षात आलं होतं. ते चुकीचं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मी बाईकडे पाहिलं. दोरीपलीकडे अन्न द्यायचं नाही. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं उभी होती आणि त्यात परवाने तपासणारा कुणी असला तर बाईवरच बालंट आलं असतं. मी तिला इंग्रजीत हळूच विचारलं.

"तुझी आई आहे," बाई म्हणाली. "आई म्हणजे पब्लिक नाही, काय?" आणि तिनं स्वतः लाकडी ताटलीत भाकरी ठेवली, वर लोण्याचा गोळा घातला, शेजारी भाजलेला कांदा, आणि दोरीवरून वाकून आईच्या हातात दिली. मागच्या एका गॉगलवाल्या माणसानं लगेच विचारलं, आम्हाला पण मिळेल का? "सॉरी, फक्त दाखवायला आहे," ती त्याला म्हणाली.

आई खायला लागली. बोटं भाजत होती म्हणून फुंकर घालत, लहान तुकडे मोडत. मी दुसरी थापायला घेतली ती काही विचार करून नाही, हात चालूच होते. ती फुगली तेव्हा आईची पहिली संपली होती. तिनं ताटली पुढे केली. मी घातली. धुरानं की कशानं, माझे डोळे गळत होते आणि मी ते बाहीला पुसत होते. बाई म्हणाली, जरा बाजूला हो, मी थापते. मी नको म्हटलं.

लोक येत होते, थांबत होते, पुढे जात होते. एका मुलीनं आईला विचारलं, कसं लागतंय? आईला तेवढं इंग्रजी येत होतं. "गुड," ती म्हणाली, "व्हेरी हॉट." दुसरी संपल्यावर ती पाणी प्यायली आणि मला वाटलं, झालं. मी परातीतलं पीठ झाकायला घेतलं.

"अजून एक," आई म्हणाली.

घरी तिला कधीही विचारा, किती घेशील, ती म्हणणार, बघू, उरली तर अर्धी. तिची भूक तेवढीच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, बाबासुद्धा. मी तिसरी थापली, शेकली, दिली. तिनं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, बोटावरचं लोणी चाटलं, ताटली मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता पोट भरलं."

तेव्हा मला कळलं, माझ्या आईला तीन भाकऱ्या लागतात.